आचलच्या घासाची तजवीज

मी, इंदिराबाई इस्तारी मांदाळे, वय एकोणसाठ, पूर्वी आश्रमशाळेत स्वयंपाकीण, राहणार तलावाच्या पाळीजवळ, सावली, जिल्हा चंद्रपूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्या धाकाशिवाय, स्वतःच्या हाताने लिहिते. माझे डोके ठिकाणावर आहे, गळा तेवढा राहिलेला नाही. अन्ननलिकेत गाठ आहे आणि ती आता पाण्याचा घोटही अडवते, हे नागपूरच्या डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितले आहे.

वकीलसाहेबांनी छापील नमुना दिला होता. त्यात आधी मिळकत आणि मग वारस असा क्रम होता. मी तो नमुना बाजूला ठेवला, कारण माझी खरी काळजी त्यात कुठल्याच रकान्यात बसेना. माझी मुलगी आचल, वय अठ्ठावीस, बोलत नाही, आणि कादंबरी वाचून दाखवल्याशिवाय व त्या कादंबरीतला पदार्थ रांधून दिल्याशिवाय जेवत नाही. माझ्या पश्चात तिला कोण जेवू घालील, हे ठरवण्यासाठी हा कागद आहे. घर, ठेव आणि भांडी त्या पाठोपाठ येतील.

कलम १. आचल अशी का, याबद्दल.

ती जन्मतः अशी नव्हती. मी भामरागड तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत स्वयंपाकाला होते आणि आचल तिथेच सहावीत शिकत होती. माडिया पोरींबरोबर खेळून खेळून त्यांच्या बोलीत भांडायलाही शिकली होती. तिचे वडील सावलीला तलावात मासे धरत, थोरला स्वप्निल त्यांच्यापाशी होता, आणि आम्ही चौघे सुट्ट्यांत एकत्र येत असू. ज्या पावसाळ्यात आचलला ताप आला, त्या पावसाळ्यात पर्लकोटा नदीचे पाणी पुलावरून वाहत होते आणि रस्ता बंद होता. हिवताप मेंदूत चढला. दवाखान्यातल्या माणसांनी हातात होते ते सगळे केले. आचल वाचली, डोळे उघडले, पण शब्द गेले. घास तोंडात घातला की तसाच राही, शेवटी मला तो बोटाने काढावा लागे. पोरगी माझ्या डोळ्यांदेखत वाळत चालली होती.

मला कादंबऱ्या वाचायचा नाद शाळेपासून होता. तिच्या खाटेपाशी बसून डोळा लागू नये म्हणून मी शाळेच्या कपाटातली एक कादंबरी मोठ्याने वाचत असे. पुस्तकाचे पहिले पान फाटलेले होते, त्यामुळे लेखकाचे नाव मला आजही ठाऊक नाही. पुरात अडकलेला एक प्रवासी नावाड्याच्या झोपडीत येतो आणि नावाड्याची बायको त्याला मीठ घातलेली गरम पेज आणि चुलीत भाजलेली सुकी झिंगे वाढते, असा त्यात प्रसंग होता. लेखकाने त्या पेजेवर अख्खे पान खर्ची घातले होते. मी ते वाचत असताना आचलने मान वळवली. मी थांबले, तर तिने पुस्तकाकडे पाहिले आणि तोंड उघडले.

माझ्याबरोबर स्वयंपाकाला असलेली सुकरी पुंगाटी दारात उभी होती. ती म्हणाली, "बाई, ते पेज मांगून राह्यली." आणि पावसात तशीच वसतिगृहाच्या स्वयंपाकघराकडे गेली. तासाभराने डब्यात पेज आणि पानात झिंगे घेऊन आली. मी ते पान पुन्हा वाचले. सुकरीने चमचा लावला. आचलने गिळले.

त्या दिवसापासून आजपर्यंत ती जेवली आहे ती फक्त पुस्तकांतून.

कलम २. जेवू घालण्याची रीत. पुढे जो कोणी हे करील त्याच्यासाठी लिहिते.

पुस्तक हातात धरावे. वाचताना मध्येच तिच्याकडे पाहू नये. जेवणाचा प्रसंग आला की तो पदार्थ ताटात तयार असावा, म्हणजे पुस्तक आदल्या दिवशी पुढे वाचून ठेवले पाहिजे. एक पुस्तक चालू आहे तोवर त्यातले पदार्थ ती पुन्हा पुन्हा खाते. पुस्तक संपले की ते पदार्थही संपले. ती पेज दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी दिली, तर तिने ताट बाजूला सारले.

पदार्थ हुबेहूब लागत नाही. कोकणातली माणसे ज्या कादंबरीत सोलकढी पितात ती मी वाचली, तेव्हा सावलीत आमसूल नव्हते आणि समुद्र मी जन्मात पाहिला नव्हता. मी लाल अंबाडीची फुले भिजवली, चारोळी वाटून तिचे दूध काढले, लसूण ठेचून घातला. आचल वाटीभर प्यायली. बंगालातल्या एका भाषांतरित कादंबरीत मोहरी लावलेला मासा केळीच्या पानात वाफवतात, तो मी मरळ घेऊन पळसाच्या पानात केला. थंड देशातल्या एका कादंबरीत एक म्हातारी सणाला बेदाण्यांचा केक करते. बेदाण्यांच्या जागी मी सुकी मोहफुले घातली आणि गंजात, म्हणजे उभ्या पातेल्यात, रेती तापवून त्यावर तो भाजला. आचलने दोन वेळा मागून खाल्ला. मागून म्हणजे ताट माझ्याकडे ढकलून. तिचे मागणे तेवढेच असते, ते ओळखावे.

अडचण पदार्थांची नव्हती, लेखकांची होती. त्यांची माणसे जेवतच नाहीत. दोन माणसे तीनशे पाने एकमेकांवर प्रेम करतात आणि भाकरीचा तुकडा मोडत नाहीत. मोठमोठी मानाची पुस्तके मी वाचनालयातून आणली आणि दारातच चाळून परत केली. सावलीच्या वाचनालयातला आदेश आधी मला हसायचा. नंतर त्याने आचलला पाहिले, आणि तेव्हापासून नवे पुस्तक आले की तो स्वतः वाचून, जिथे कोणी जेवते तिथे पेन्सिलीने बारीक खूण करून ठेवतो.

एकदा मात्र मी फसले. कादंबरी चांगली होती, सुरुवातीला लग्नाची पंगत होती, आणि मग तिच्या नायकाला तुरुंगात टाकले. तिथे तो उपास करतो. पानामागून पान उपास. तो खात नाही म्हणून आचल खाईना. पुस्तक मध्येच बदलले तर तिने भिंतीकडे तोंड केले. शेवटी मी पुस्तकात नसलेले वाचले. तुरुंगाच्या खिडकीतून एक बाई त्याला ज्वारीची भाकर आणि जवसाची चटणी देते, असे मी मनाने घातले आणि त्याच्याकडून ती भाकर खाववली. आचल जेवली. ज्यांनी ती कादंबरी लिहिली त्यांच्या नायकाचे व्रत मी मोडले. माझा इलाज नव्हता.

इथे माझे पती कैलासवासी इस्तारी यांच्याबद्दल लिहिणे माझे कर्तव्य आहे. मी पोरीला घेऊन नोकरी सोडून सावलीला आले, तेव्हा त्यांनी कारण विचारले नाही. त्यांना अक्षर येत नव्हते. ते सकाळी जाळे खांद्यावर टाकत आणि दारातून विचारत, "आज पुस्तकात मासा हाय का नाई?" आहे म्हटले की कोणता ते विचारत. एकदा मी म्हटले, मोठा आहे, समुद्रातला आहे, आपल्याकडे मिळत नाही. ते संध्याकाळपर्यंत तलावात होते. आणला तो रोहू होता, पण तेवढा मोठा रोहू त्या वर्षी कोणी पाहिला नव्हता. पुढे तलावाच्या पाळीवरच छातीत कळ येऊन ते गेले. त्यांचे असे मरण मला मान्य नाही, पण त्यावर कलम लिहिता येत नाही.

कलम ३. दीर नथ्थू मांदाळे यांच्याबद्दल.

माझ्या पतीची जाळी, डोंगा आणि भाल्याचे फाळ मी दीर नथ्थू यांना देते. ते चांगले मासे धरतात आणि भावाची वस्तू भावाकडे जावी. परंतु आचलचा ताबा, देखरेख अथवा तिच्या नावाने कोणताही कारभार त्यांच्याकडे कोणत्याही परिस्थितीत जाऊ नये.

कारण लिहिते. मागच्या वर्षी मी आचलला घेऊन नागपूरला गेले असताना नथ्थूंनी माझ्या खोलीतली सगळी पुस्तके रद्दीवाल्याला दिली. वाळवी लागली होती असे ते म्हणतात. वाळवी लागली नव्हती. ती पुस्तके मी एकेक करून जमवलेली होती, त्यांत आचलची इतक्या वर्षांची जेवणे होती. मी परत आले तेव्हा फळ्या रिकाम्या होत्या आणि नथ्थू अंगणात बसून होते. ते मला म्हणाले, "पुस्तक आयकून पोरगी जेवते, असं कुठी असते का? तूच तिले नादी लावलं. दोन दिवस उपाशी ठेव, तिसऱ्या दिवशी झक मारून जेवते."

ते हे रागाने बोलले नाहीत. त्यांना ते खरेच तसे वाटते, आणि म्हणूनच मला त्यांची भीती वाटते. मी काही न लिहिता मेले तर जवळचा नातेवाईक म्हणून नथ्थू उभे राहतील, आणि पोरीच्या भल्यासाठीच तिला उपाशी ठेवतील. आचल तिसऱ्या दिवशी जेवत नाही. चौथ्या दिवशीही जेवत नाही. त्याच्या पुढे तिला झटके येतात आणि डोळे फिरतात. हे मी पाहिले आहे, त्यांनी पाहिलेले नाही.

जाळी देते, क्षमा देत नाही. वकीलसाहेब म्हणाले, हे वाक्य काढा. काढत नाही.

पुस्तके गेल्यावर काय झाले तेही सांगते. तांदळाच्या कोठीखाली धानाच्या लागवडीची एक सरकारी जाड पुस्तिका तेवढी उरली होती. आचल उपाशी होती आणि वाचनालय दिवाळीचे बंद होते. मी ती पुस्तिका उघडून समोर धरली आणि मनाने सांगायला लागले. घरात तांदूळ आणि वाल होते, म्हणून माझ्या गोष्टीतली माणसे वाल-भात खाणारी निघाली. तेव्हापासून मी असेच करत आले. लेखक लोक आधी माणूस बनवतात आणि मग त्याला जमले तर जेवू घालतात. मी आधी डबे उघडून पाहते आणि मग ते जेवणारा माणूस बनवते. रोज एक. कधी कधी भाजीवालीकडे उभ्या उभ्याच मला माणूस सुचतो, आणि घरी येईपर्यंत त्याचे लग्न होऊन गेलेले असते.

आता आवाज चिरकतो. चार वाक्यांनी ठसका लागतो. चव घेता येत नाही, म्हणून मीठ नजरेने घालते.

कलम ४. मुलगा स्वप्निल याच्याबद्दल.

स्वप्निल नागपूरला कारखान्यात आहे. माझ्या आजाराचे निदान झाले तेव्हा तो आचलला स्वतःकडे घेऊन गेला. सून रंजीता हिने वाचनालयाची वर्गणी भरली, पुस्तके आणली, पदार्थ केले. माझ्याहून चांगले केले असतील. स्वप्निल कामावरून येऊन वाचायचा. आचल जेवली नाही. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. तिला दवाखान्यात ठेवून नाकातून नळी घालावी लागली, आणि ती नळी ओढून काढते म्हणून तिचे हात पट्टीने खाटेच्या दांडीला बांधले. मी जाऊन पाहिले तेव्हा तिच्या मनगटांना वळ होते. स्वप्निल बाहेर बाकड्यावर बसला होता. तो म्हणाला, "आई, मी रोज वाचलं. ते माह्याकडे पाहतच नाई. हात बांधाच्या कागदावर सही मीच केली."

मी त्याला दोष देत नाही, कारण सही केली नसती तर पोरगी गेली असती. त्याने हे लिहिलेले वाचले तर त्याला कळावे, की त्याच्याविषयी माझ्या मनात काहीही वाईट नाही. त्याने या घरावरचा आपला हक्क आपणहून सोडला आहे. माझे मंगळसूत्र रंजीताला द्यावे आणि पाटा-वरवंटाही तिलाच द्यावा. ती मिक्सर वापरते, पण मोहरी पाट्यावरच वाटावी लागते, हे ती मला स्वतः म्हणाली होती.

कलम ५. सुकरी पुंगाटी हिच्याबद्दल.

मुलगा थकला, दीर नको, मग उरले कोण? मी करिश्माला विचारले. ती आमच्या वार्डाची आशा सेविका, भली मुलगी, पण तिला तिचा संसार आहे. नागपूरच्या एका संस्थेत चौकशी केली. तिथल्या बाई सरळ होत्या. त्या म्हणाल्या, ताई, आमच्याकडे एका बाईकडे पुष्कळ मुली असतात, प्रत्येकीला गोष्ट कुठून वाचणार? मी परत येताना बसमध्ये सगळ्या ओळखीच्या बायकांना मनात एकेक करून आचलसमोर बसवून पाहिले. कोणीच बसले नाही. मग मी सुकरीला निरोप पाठवला.

सुकरी आता विधवा आहे. तिचा मुलगा रोशन अहेरीला गाडी चालवतो. ती आली ती सुकवलेल्या वास्त्यांचे, म्हणजे बांबूच्या कोंबांचे, गाठोडे घेऊन. गाठीतून घोट उतरावा म्हणून माझ्या गळ्यात जाळी बसवायला स्वप्निल मला नागपूरला घेऊन गेला आणि मी आचलला सुकरीपाशी ठेवून गेले. सुकरीला वाचता येत नाही. मी तिला धानाची पुस्तिका दाखवली आणि सांगितले, ही समोर धर आणि मनाने सांग.

पहिले दोन दिवस कोरडे गेले. करिश्मा फोनवर सांगायची, काकू, आज पण नाई. मी खाटेवर पडून छताकडे पाहत दुसऱ्या माणसांना आठवत होते आणि दुसरे माणूस नव्हते. मग एका दुपारी करिश्माचा फोन आला. सुकरीने पुस्तिका मांडीवर उलटी धरली होती आणि तिच्या माडिया बोलीत, बांबूच्या बेटात कोंब काढायला गेलेल्या एका म्हातारीची गोष्ट सांगत होती. वास्त्यांची भाजी कण्या घालून केली होती. आचलने तीन घास खाल्ले.

मी विचारले, "गिळले का?"

"गिळले, काकू. मी गळ्याकडं पाहून होती."

दुसऱ्या दिवशी आचलने पुन्हा तोंड मिटले ते मी येईपर्यंत. ते तीन घास गोष्टीचे होते, बोलीचे होते, की नुसत्या भुकेचे होते, मला सांगता येत नाही. कोर्टात हा पुरावा टिकणार नाही हे मला कळते. माझ्यापाशी दुसरा पुरावा नाही. हे सगळे मृत्युपत्र त्या तीन घासांवर उभे आहे.

सुकरीशी मी बोलले. ती म्हणाली, "बाई, मले घर नको. घर घेतलं का लोक म्हणतात, घरासाठी आली." मी सांगितले, घर आचलचे राहील, तू त्यात राहायचे. ती म्हणाली, "मंग येतो. पण पेरणीले गावाले जाईन. सणाले जाईन." मी कबूल केले. ते दिवस स्वप्निल रजा काढून येईल. मग तिने विचारले, "अना खाल्लंच नाई तं? मी का करू, बाई?"

 त्याचे उत्तर खाली कलम ८ मध्ये आहे.

कलम ६. घर व ठेव.

सावली येथील राहते घर, अंगण व विहिरीसह, मी माझी मुलगी आचल हिला देते. ते विकण्याचा, गहाण टाकण्याचा वा भाड्याने देण्याचा अधिकार ती हयात असेतो कोणालाही नाही. सुकरी पुंगाटी हिला आचलची देखभाल करीत असेतो या घरात राहण्याचा हक्क आहे. जातीवरून, भाषेवरून किंवा ती गावाबाहेरची आहे म्हणून तिला कोणी उठवू पाहील, तर ते माझ्या इच्छेविरुद्ध आहे. बँकेतील माझी सर्व ठेव आचलच्या जेवणखाण, औषधपाणी व सुकरीच्या मेहनतान्यासाठी वापरावी. त्याचा व्यवहार स्वप्निलने पाहावा. वकीलसाहेबांनी समजावले आहे, की आचलसारख्या व्यक्तीचा पालक नेमणे हे जिल्ह्याच्या समितीचे काम आहे आणि मी फक्त इच्छा लिहू शकते. तर समितीतल्या साहेबांनी ही इच्छा वाचावी, आणि ठरवायच्या आधी एकदा जेवणाच्या वेळेला आमच्या घरी यावे.

कलम ७. पुस्तके आणि भांडी.

पहिली पुस्तके रद्दीत गेल्यानंतर पुन्हा जमलेली माझी पुस्तके, आचलच्या उपयोगाला येतील तोवर घरात राहावीत, मग सावलीच्या वाचनालयाला द्यावीत. आदेशला विनंती, की त्याने खुणा करणे थांबवू नये. कधी कोणी वाचणारे माणूस मिळाले तर त्याला त्या लागतील. केकचा गंज, लोखंडी कढई आणि पितळी पातेले सुकरीकडे राहावे. कढईचा कान तुटलेला आहे, फडक्याने धरावी.

माझ्या तेरवीला गावजेवण घालू नये. ज्या घरात एका माणसाला घास जात नाही, त्या घराच्या अंगणात पंगत बसलेली मला आवडणार नाही.

कलम ८. नळीबद्दल.

हे कलम मी तीनदा लिहिले आणि फाडले. एकदा लिहिले होते, की ती खात नसेल तर तिला तशीच माझ्यामागे येऊ द्यावी. वकीलसाहेबांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, असे लिहिता येत नाही. मला ते ठाऊक होते. मी ते कायद्याला विचारून लिहिले नव्हते. घरी आले तेव्हा आचल अंगणात बसून कोंबडीच्या पिलांकडे पाहत होती. एक पिलू तिच्या पायावर चढले आणि तिने पाय हलवला नाही, ते उतरेपर्यंत तशीच बसून राहिली. मग मी तो कागद चुलीत घातला.

म्हणून सुकरीला आणि स्वप्निलला माझे सांगणे असे. चार दिवस सांगून पाहावे. पाचव्या दिवसाची वाट न पाहता दवाखान्यात न्यावे आणि नळी घालावी. परंतु आचलचे हात कोणत्याही कारणाने बांधू नयेत. नळी असेतो दोन्ही बाजूंना माणूस बसवावे आणि त्याने तिचे हात हातात धरावेत. माणसे कमी पडली तर ठेव त्यासाठी मोडावी. नळी असतानाही गोष्ट सांगणे सुरू ठेवावे. ऐकत नाही असे वाटले तरी ठेवावे.

यापलीकडे मला काय करता येईल ते कळत नाही. ज्याला कळेल त्याने करावे.

वरील मजकूर मी वाचून, समजून, साक्षीदारांसमक्ष सही करीत आहे. पूर्वीचे कोणतेही मृत्युपत्र नाही.

सही : इंदिराबाई इस्तारी मांदाळे

साक्षीदार १ : करिश्मा नागापुरे, आशा, सावली
साक्षीदार २ : आदेश भोयर, वाचनालय, सावली

ठिकाण : सावली
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२५

पुरवणी

वरील मृत्युपत्रास मी, सदर इंदिराबाई, ही पुरवणी जोडते. मूळ कलमांत बदल नाही. जे घडले ते समितीसमोर असावे म्हणून लिहिते.

माझा आवाज डिसेंबराच्या सुरुवातीला पूर्ण गेला. मला आता पोटात नळीने पेज घालतात. सुकरी येऊन राहिली आहे. ती आल्यावर आचल पुस्तिकेसमोर बसे, गोष्ट ऐके आणि तोंड मिटून उठे. एखादा घास गेला तर गेला. मी पुस्तक धरून नुसते ओठ हलवून पाहिले, तेही तिने पाहिले आणि उठून गेली. चौथा दिवस आला. करिश्माने दवाखान्यात खाट सांगून ठेवली, स्वप्निल नागपूरहून निघाला. आतल्या खोलीच्या उघड्या दारातून चूल दिसते, तिथे पडून मी त्याच्या गाडीची वाट पाहत होते.

सुकरीने त्या दिवशी गोष्ट सांगितलीच नाही. तिची हिंमत संपली होती. ती चुलीपाशी स्वतःसाठी भात आणि वांग्याची भाजी वाढून घेऊन बसली आणि एकटीच तिच्या बोलीत पुटपुटत राहिली. रोशन फोन करत नाही, सावलीचे पाणी खारट आहे, शेजारीण तिला पाहून दार लावते, गावाकडे तिच्या कोंबड्या कोण पाहत असेल. मला त्या बोलीतले थोडे कळते, तेवढे कळले. आचल अंगणातून उठून आली आणि तिच्या शेजारी, माझ्याकडे पाठ करून, जमिनीवर बसली. सुकरी बोलत राहिली. बोलता बोलता तिने आपल्या ताटातला घास, न पाहता, तिच्या तोंडाशी नेला, जसा आपण शेजारी बसलेल्या कोणालाही देतो.

आचलने तो खाल्ला. मग दुसरा. मग तिने ताट आपल्याकडे ओढले.

वांग्याची ती भाजी कोणत्याही कादंबरीतली नव्हती. मी तिथून उठून हाक मारली असती, रडले असते, पुस्तक घेऊन धावले असते, आणि सगळे तिथेच मोडले असते. मला आवाज नव्हता. मी पडून ऐकत राहिले. स्वप्निल आला तेव्हा दारात उभा राहिला आणि सुकरीने त्याला हाताने थांबवले.

त्यानंतर ती रोज जेवते असे मी लिहू शकत नाही. काल जेवली, आज सकाळी नाही. सुकरी आत्ता बाहेर बसून कोणाला तरी शिव्या घालते आहे, बहुतेक मलाच, आणि आचल तिच्याजवळ आहे.

सही : इंदिराबाई इस्तारी मांदाळे

साक्षीदार : करिश्मा नागापुरे, आदेश भोयर

ठिकाण : सावली
दिनांक : ४ जानेवारी २०२६